गावात राहून मॉम ब्लॉगिंग : बायांचे नेहमीचे प्रश्न

लेकरांचं खाणं, बाळंतपण, घर आणि शेती यांवर व्हिडिओ, रील किंवा लेख करणाऱ्या विदर्भातल्या खेड्यांतल्या आयांकडून जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न जसे विचारले गेले तसेच ठेवले आहेत.

सुरुवातीला कॅमेरा घ्यावा काय?

नाही. घरातला बरा फोन, शे-दोनशेचं स्टँड आणि वायरचा कॉलर माईक एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. पैसा आधी माईकवर घाला. हललेलं चित्र लोक चालवून घेतात, पण आवाज कळला नाही की पुढे सरकतात. टिनाच्या छताखाली आवाज घुमतो. बोलणारीच्या समोरच्या भिंतीला गोधडी टांगली की निम्मा घुमारा जातो. शूटिंगच्या वेळी कुलर बंद ठेवा, नाहीतर सगळ्या बोलण्यामागे घरघर बसते आणि ती नंतर निघत नाही. कुलर बंद करणं जमणार नसेल तर चित्र आधी घ्या आणि आवाज मागाहून भरा. साड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्यात तोंड करून बोललं तर आवाज स्टुडिओसारखा कोरडा येतो.

उन्हाळ्यात पारा ४५ वर गेला की फोन तापून रेकॉर्डिंग आपोआप बंद पडतं. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेसहा ते नऊ हीच वेळ धरा. कव्हर काढा, फोन एअरप्लेन मोडवर टाका. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं. आणि स्वयंपाकाच्या व्हिडिओआधी लेन्स सुती कापडानं पुसा. चित्र धुरकट येण्याचं कारण बहुतेक वेळा फोडणीचं तेल असतं.

रेंजच नाही, तर अपलोड कवा आणि कसं करावं?

हिशोब सोपा आहे. दहा मिनिटांचा व्हिडिओ १०८० या स्पष्टतेत, ८ एमबीपीएसनं (सेकंदाला ८ मेगाबिट) काढला तर सुमारे ६०० एमबी होतो. अपलोडचा वेग १ एमबीपीएस मिळाला तर त्याला ८० मिनिटं लागतात. तोच ७२० मध्ये ४ एमबीपीएसनं काढला तर अर्धा वेळ. फोनवर पाहणाऱ्याला फरक फारसा जाणवत नाही. पहाटे चार ते सहा टॉवरवर गर्दी नसते, तेव्हा स्लॅबवर किंवा ग्रामपंचायतीत वायफाय असेल तर तिथे. अपलोड 'खासगी' म्हणून करायचं, मथळा-चित्र आरामात भरायचं आणि वेळ लावून सोडायचं. अपलोड सुरू असताना लाइट गेली तर राऊटर बंद पडतो. मग घाबरून व्हिडिओ पुसू नका, ॲप बहुधा थांबलं तिथूनच पुढे चालू करतं.

पोट्टं लहान हाये, वेळ कुठून काढू?

आठवड्यातून एक सकाळ ठरवा आणि तीन-चार व्हिडिओ एकदम घ्या. पेरणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत नवं काही होत नाही, म्हणून त्याआधी पाच-सहा व्हिडिओ तयार ठेवायचे. झोपलेल्या लेकराला शूटसाठी उठवायचं नाही, एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

विषय कोणते चालतात?

पुण्या-मुंबईच्या चॅनेलवर जे हजार वेळा आलं ते सोडा. ज्वारीची आंबील, सरगुंडे, पाटवडी, अंबाडीची भाजी, शेतावर जाताना लेकराला सावलीत कसं ठेवायचं, अंगणवाडीतून मिळालेल्या आहाराचं काय करायचं, तान्ह्या पोळ्याची तयारी, भुलाबाई. हे बाहेरच्यांना नवं असतं आणि आपल्यांना ओळखीचं. प्रमाण मात्र नीट सांगा. 'थोडंसं पीठ' म्हणाल तर खाली शंभर बाया 'किती?' विचारतील.

बाळाच्या खाण्याविषयी काही गोष्टी पक्क्या आहेत. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. वर्षाच्या आत मीठ-साखर घालायची नाही आणि मध तर अजिबात नाही, कारण त्यातून बॉटुलिझम नावाचा जीवघेणा आजार होऊ शकतो. 'आमच्याकडे जन्मल्याबरोबर मध चाटवतात' अशी कॉमेंट आली तर भांडू नका, हेच कारण लिहा.

आजीचे घरगुती उपाय दाखवले तर चालतात काय?

काही चालतात, काही नाही, आणि दोन्हींमधली रेघ तुम्हालाच ओढावी लागते. डिंकाचे लाडू, बाळंतिणीचा शेक, अंगाला तेल यांत अडचण नाही. धुरी दाखवताना बंद खोलीतल्या धुरानं तान्ह्याला श्वासाचा त्रास होतो हे सांगायलाच हवं. घरच्या काजळाचं कौतुक करताना ते डोळ्यात नको, हेही.

डंबा, म्हणजे तापलेल्या सळईनं पोटाला डाग देणं, हे परंपरा म्हणूनसुद्धा दाखवायचं नाही. मेळघाटात यासाठी पोलिसांत गुन्हे दाखल झाले आहेत. 'या पाल्यानं कावीळ जाते', 'या मण्यानं फिट येत नाही' असले दावे १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याच्या आणि २०१३ च्या राज्याच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. ताप, जुलाब, दूध न ओढणं, मलूल पडणं यांपैकी काहीही विषय असला तर व्हिडिओत 'आशाताईंना दाखवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा' हे वाक्य सुरुवातीलाच हवं. शेवटपर्यंत कोणी पाहत नाही.

जाहिरात मानक परिषदेनं, म्हणजे आस्कीनं, २०२३ मध्ये एक भर घातली : पैसे घेऊन आरोग्याचा सल्ला देणाऱ्यानं आपली पात्रता दाखवली पाहिजे. तुम्ही नर्स नसाल तर नर्ससारखं बोलू नका.

'पोट खाली असलं तर मुलगा' असले व्हिडिओ खूप चालतात. करू काय?

नको. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचं कलम २२ लिंग ओळखण्याच्या किंवा निवडण्याच्या कोणत्याही पद्धतीच्या जाहिरातीवर बंदी घालतं, मग ती पद्धत शास्त्रीय असो की नसो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. गंमत म्हणून केलं, हा बचाव ठेवण्यात अर्थ नाही.

बाळाच्या पावडरची किंवा दुधाच्या बाटलीची कंपनी विचारते आहे. पैसे चांगले देतात.

हा सर्वांत महागात पडणारा होकार. १९९२ चा शिशुदुग्ध पर्याय कायदा २००३ मध्ये आणखी कडक झाला. त्यानुसार बाळाचं पावडरचं दूध, दुधाची बाटली आणि दोन वर्षांखालच्या बाळासाठी विकलं जाणारं डबाबंद अन्न यांची जाहिरात करता येत नाही, जाहिरातीत भागही घेता येत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कंपनी 'आम्ही फक्त अनुभव सांगा म्हणतो' असं म्हणेल. पैसे किंवा फुकट डबा घेऊन सांगितलेला अनुभव ही जाहिरातच.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. २००९ मध्ये नेस्लेनं अमेरिकेत मॉम ब्लॉगर बायांना कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल इथल्या कार्यालयात पाहुणचाराला बोलावलं. बाळाच्या दुधाच्या विक्रीवरून या कंपनीवर १९७७ पासून बहिष्काराची चळवळ आहे. ट्विटरवर लोक तुटून पडले, आणि टीका कंपनीइतकीच तिथे गेलेल्या बायांवरही झाली. आमंत्रण आलं की आधी कंपनी काय विकते ते पाहावं, हे त्यातून घ्यायचं.

मग जाहिरात करायची तर कशी?

पैसे, वस्तू, सवलत, फुकट मुक्काम यांपैकी काहीही मिळालं तर 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असं स्पष्ट लिहायचं. मराठी व्हिडिओला मराठी शब्द चालतो. आस्कीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत : १५ सेकंदांपेक्षा लहान व्हिडिओत ही पट्टी किमान ३ सेकंद, २ मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, त्याहून मोठा असेल तर उत्पादनाचा उल्लेख चालू आहे तेवढा पूर्ण वेळ. वर्णनाच्या तळाशी वीस हॅशटॅगमध्ये लपवलेलं चालत नाही.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच घडलं तर पन्नास लाखांपर्यंत. शिवाय एक वर्ष, पुढे तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी. एवढं बहुतेकांवर येत नाही, पण कंपनी 'पट्टी नको, नैसर्गिक वाटू द्या' म्हणाली तर हे आकडे तिला पाठवा. बहुधा ती गप्प बसते.

यूट्यूबचे पैसे किती दिवसांत चालू होतात?

दिवसांवर नाही, अटींवर आहे. जाहिरातीच्या कमाईसाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत पाहिल्याचे ४,००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे (छोट्या उभ्या व्हिडिओंचे) १ कोटी व्ह्यू. लांब व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा तुमचा, शॉर्ट्समध्ये ४५.

खेड्यातल्या बाया अडकतात त्या पुढच्या टप्प्यावर. कमाई १० डॉलर झाली की ॲडसेन्स, म्हणजे यूट्यूबचे पैसे देणारी गूगलची सेवा, पत्ता तपासायला पोस्टानं पिन (एक आकडा) पाठवते आणि तो चार महिन्यांत भरायचा असतो. पत्त्यात 'मु., पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड' नीट लिहा, आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा की इंग्रजी पाकीट येणार आहे. दुसरी अडचण नावाची. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, पासबुकावर तिसरंच. हे तीनही आधी एक करून घ्या, मगच खातं उघडा. उलट क्रमानं केलं तर महिनेच्या महिने जातात.

बँकेचा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे यायला लागणारी बँकेची खूण, तोही लागतो. गावातल्या शाखेला तो नसतो, मग त्याच बँकेच्या नागपूर किंवा मुंबईच्या शाखेचा विचारून घ्यायचा. राष्ट्रीयीकृत बँकेतलं खातं यासाठी सोपं पडतं. १०० डॉलर जमले की त्यानंतरच्या महिन्यात, २१ ते २६ तारखेच्या दरम्यान, पैसे निघतात. अमेरिकी कराचा फॉर्म भरायला विसरू नका. भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या रकमेवर १५ टक्के कापतात, मराठी चॅनेलला ते किरकोळ आहे. नाही भरला तर एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात.

एक खूण मात्र नीट लावा. व्हिडिओ 'मुलांसाठी बनवलेला' आहे का, असं विचारतात. तुमचे व्हिडिओ आयांसाठी असतील तर 'नाही'. अंगाई किंवा बालगीत असेल तर 'होय'. 'होय' म्हटलं की कॉमेंट बंद आणि जाहिरातीची कमाई कमी.

कंपनी म्हणते पैसे नाही, वस्तू देऊ.

तुम्हाला ती वस्तू खरोखर हवी असेल तर घ्या. पण एका कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांवर वस्तू आल्या आणि तुम्ही त्या ठेवून घेतल्या तर १० टक्के कर कापला जातो, आणि ती रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. वस्तू परत केली तर नाही.

पैशांचं काम असेल तर ईमेलवर पाच गोष्टी लिहून घ्या : किती व्हिडिओ, किती वेळा बदल करून मागणार, तुमचा व्हिडिओ त्यांच्या जाहिरातीत किती महिने वापरणार, त्या काळात दुसऱ्या कंपनीचं काम चालेल काय, आणि पैसे किती दिवसांत. तिसरी गोष्ट बाया सोडून देतात आणि मग लेकराचा चेहरा दोन वर्षं कुठल्या तरी दुकानाच्या पोस्टरवर फिरत राहतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, आधारवर होते. ती असली की ४५ दिवसांत पैसे देणं खरेदीदाराला बंधनकारक होतं, उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

परिषदांना, मेळाव्यांना जाऊन फायदा हाये काय?

मॉम ब्लॉगर बायांच्या परिषदांची चाल अमेरिकेतून आली. 'ब्लॉगहर' ही परिषद २००५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. पुढे प्रायोजक आले, पिशव्या भरभरून फुकट वस्तू आल्या, आणि लिहिणारी कोणाची बाजू मांडते हा प्रश्नही आला. आपल्याकडचे बरेच कार्यक्रम थेट या शेवटच्या टप्प्यापासून सुरू होतात.

आमंत्रण दोन प्रकारचं असतं. 'सुपर मॉम पुरस्कारासाठी निवड झाली, नोंदणी शुल्क भरा' हा पहिला. तो पुरस्कार नाही, विक्री आहे. सोडून द्या. दुसऱ्या प्रकारात कंपनी किंवा एजन्सी बोलावते. तेव्हा विचारा : येण्याजाण्याचं तिकीट कोणाचं, लेकरू आणि सोबतच्या बाईचं काय, दूध पाजायला खोली आहे काय, बदल्यात किती रील टाकायच्या. 'फक्त या' म्हणतात आणि कार्यक्रमानंतर चार रील मागतात, हे नेहमीचं.

प्रवासाचा हिशोब खरा मांडा. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून निघून नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला करत सकाळी मुंबईला पोचते. यवतमाळकडच्यांना आधी धामणगाव किंवा वर्धा गाठावं लागतं. पाच वर्षांखालच्या लेकराला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट नाही. एसटीत मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे. दोन रात्रींचा प्रवास, एक दिवसाची मजुरी बुडणार, घरी लेकरं कोणाकडे, हे सगळं धरून जमत असेल तर वर्षातून एक कार्यक्रम पुष्कळ. तिथे भाषणांपेक्षा जेवणाच्या रांगेतल्या ओळखी कामाला येतात : कोणती एजन्सी वेळेवर पैसे देते, कोणती बुडवते. एका पानावर स्वतःची माहिती, प्रेक्षक कोणत्या जिल्ह्यांतले, मागच्या तीन कामांचे आकडे, एवढं फोनमध्ये तयार ठेवा.

लेकराचा चेहरा दाखवावा काय?

आमचं मत : जितका कमी तितका बरा, आणि शाळेत जायला लागल्यावर लेकराला विचारूनच. गावात पाहणारे आणि ओळखणारे एकच असतात. तिसरीतल्या पोरीचा अंथरूण ओलं करण्याचा किस्सा तुम्ही कौतुकानं सांगता आणि दुसऱ्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिला तेच नाव पडतं.

काही गोष्टींत मतभेदाला जागा नाही. आंघोळ आणि मालिशचे व्हिडिओ उघड्या बाळावर करायचे नाहीत, विकृत लोक नेमके तेच साठवतात. कापडी बाहुली घ्या, हात कसे फिरवायचे ते तीवर जास्त स्पष्ट दिसतं. शाळेचा गणवेश, बिल्ला, ऑटोचा नंबर, घरासमोरची पाटी कापून टाका. शेगावला दर्शनाला गेलात तर व्हिडिओ घरी परतल्यावर टाका. अंगणवाडीतली, शेजारची लेकरं त्यांच्या आयांच्या होकाराशिवाय नाही. कुपोषित लेकराला 'जागृती' म्हणून दाखवायचं असेल तर चेहरा, नाव आणि गाव, तिन्ही झाका.

लेकरू व्हिडिओत काम करत असेल तर त्याचा वाटाही असावा. बालकलाकारांसाठी २०१७ चे नियम दिवसाला पाच तासांची मर्यादा घालतात, सलग तीन तासांवर काम नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के लेकराच्या नावानं मुदत ठेवीत. घरीही तेच माप धरा. फ्रान्सनं २०२० मध्ये आणि अमेरिकेतल्या इलिनॉयनं १ जुलै २०२४ पासून ऑनलाइन व्हिडिओतल्या लेकरांच्या पैशासाठी कायदेच केले. दहा वर्षांखालची मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खातं पोस्टातही उघडतं.

एका व्हिडिओवरून वाद पेटला. पहिले काय करावं?

पहिला तास काही टाकू नका. वाचा, स्क्रीनशॉट घ्या आणि टीकेचे तीन ढीग करा.

पहिला ढीग : मुद्दा बरोबर आहे. औषधाचं प्रमाण चुकलं, कोणाच्या जातीवर, पेहरावावर नकळत शब्द गेला, जाहिरात लपली. इथे दुरुस्ती साध्या शब्दांत कॉमेंटमध्ये लिहून ती सगळ्यांत वर पिन करा : काय चुकलं, बरोबर काय, आणि व्हिडिओचं काय केलं. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हा 'तर' घालू नका, त्यानंच लोक जास्त चिडतात. माहिती धोक्याची असेल तर व्हिडिओ खासगी करा, पण का केला तेही लिहा. गुपचूप पुसलं तर कोणीतरी आधीच उतरवून ठेवलेलं असतं.

दुसरा ढीग : मतभेद. सिझर की नॉर्मल, दूध कधी तोडायचं, सासू-सून. एकदाच उत्तर द्या, त्यानंतर नाही.

तिसरा ढीग शिव्यांचा, आणि 'नवरा काय करते?', 'काऊन एवढी नटली?' यांचा. यांना उत्तर नाहीच. सेटिंगमध्ये जाऊन ब्लॉक शब्दांची यादी करा. देवनागरीत, रोमन लिपीत आणि वऱ्हाडी उच्चारानं, तिन्ही प्रकारे शिव्या टाकाव्या लागतात, कारण फिल्टरला आपली बोली कळत नाही. इन्स्टाग्रामवर 'मर्यादा' चालू केली की अनोळखी खात्यांच्या कॉमेंट काही दिवस थांबतात. हे काम नणंदेला किंवा मैत्रिणीला द्या, स्वतः रात्री बारा वाजता वाचत बसू नका.

वाद तापवणं फायद्याचं असतं हेही खरं. २००८ मध्ये अमेरिकेत मोट्रिन या वेदनाशामकाच्या जाहिरातीत बाळ झोळीत बांधणाऱ्या आयांची थट्टा झाली, आयांनी दोनेक दिवसांत ती मागे घ्यायला लावली. तिथे समोर मोठी कंपनी होती. समोर शेजारच्या तालुक्यातली दुसरी ताई असेल तर तिच्यावर 'उत्तराचा व्हिडिओ' करू नका. व्ह्यू आठवडाभर येतील, भांडण दोन गावांत वर्षानुवर्षं राहील.

गावातले, घरचे नाव ठेवतात.

सुरू करण्याआधी घरात ठरवा : कोणाचा चेहरा दिसणार, कोणती खोली नाही, पैसे कुठे जाणार. सासूबाईंना कॅमेऱ्यासमोर यायचं नसेल तर त्यांचा आवाजही घेऊ नका. पहिले पैसे आले की पासबुक घरात दाखवलेलं बरं. निम्मी कुजबुज 'लाखो कमावते' या अंदाजावर चालते.

धमक्या येतात, फोटो बदलून पसरवले.

पुसू नका. लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लावा, पहिल्या काही तासांतच रक्कम अडवता येते. लेकराविषयी काही असेल तर १०९८, तातडीचं असेल तर ११२. पोलीस ठाण्यात 'आमच्या हद्दीत नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवली जाणारी तक्रार, मागा. पाठलाग, मग तो ऑनलाइन का असेना, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.

खातं हॅक कसं होतं?

बहुतेक वेळा 'कोलॅबोरेशन'च्या ईमेलमधली फाईल उघडल्यानं, किंवा 'कॉपीराइट भंग झाला, २४ तासांत इथे लॉगिन करा' या मेसेजनं. दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. सिम नवऱ्याच्या नावावर असेल आणि रिचार्ज संपून बंद पडलं तर ओटीपी कुठे येणार, याचाही विचार करा.

व्हिडिओत डीजेचं गाणं आलं तर?

हक्काचा दावा आला तर बहुधा त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाते. स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट भंगाची यूट्यूबची ताकीद, वेगळी, ९० दिवसांत तीन झाल्या की चॅनेल जातं. भुलाबाईची गाणी परंपरेची आहेत, स्वतः म्हणा. कोणाच्या कॅसेटचं रेकॉर्डिंग लावू नका.

बंद करायचं असेल तर?

आधी गूगल टेकआउटमधून (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) सगळे व्हिडिओ उतरवून पेन ड्राइव्हमध्ये घ्या. मग लेकरं दिसतात ते व्हिडिओ खासगी करा, पाककृती हव्या तर राहू द्या. कंपन्यांचे व्हिडिओ करारातली मुदत संपेपर्यंत काढता येत नाहीत, तारखा तपासा. ॲडसेन्समध्ये १०० डॉलरला थोडे कमी असतील तर ते पूर्ण होऊन खात्यात येईपर्यंत चॅनेल पुसू नका.